नेमोचा पुसलेला देश

सत्तरच्या दशकात, शाळेत असताना, नागपुरात सदरमधल्या एका थिएटरात सकाळच्या खेळाला मी डिस्नेचा ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ पाहिला. सोबत थोरला भाऊ होता. इंग्रजी संवाद मला फारसे कळत नव्हते, पण त्याची गरजही नव्हती. पाणबुडीची काचेची भिंगासारखी डोळे असलेली नाकाड, लाल मखमलीची बैठक, तो प्रचंड ऑर्गन आणि वादळात बोटीला विळखा घालणारा राक्षसी माखला, एवढे पुरेसे होते. घरी परतताना मी विचारले, “दादा, नेमो कुठला रे?” तो म्हणाला, “इंग्रज असणार. बोलतो कसा बघितलंस ना!” मला ते पटले. जेम्स मेसनचे इंग्रजी ऐकून दुसरे काही वाटण्याची सोय नव्हती.

पुढे कॉलेजात ज्यूल व्हर्नची ‘मिस्टीरिअस आयलंड’ ही कादंबरी हाती आली. ती मूळ फ्रेंचमध्ये १८७५ साली पुस्तकरूपाने पूर्ण झाली. तिच्या अखेरीस मरणाच्या दारी असलेला म्हातारा नेमो आपली हकिकत सांगतो. तो आहे प्रिन्स डाकार, बुंदेलखंडच्या एका राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाचा पुतण्या. दहाव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी युरोपात धाडले गेले. तिशीपर्यंत तो विज्ञान, कला, वाङ्मय सगळे शिकला आणि १८४९ मध्ये परत आला. त्याने लग्न केले, त्याला दोन मुले झाली. १८५७ च्या उठावाचा तो प्राण बनला, पहिल्या फळीत लढला, बायकामुले गमावली, आणि सगळे संपल्यावर निष्ठावंत सोबत्यांना घेऊन पॅसिफिकमधल्या एका निर्जन बेटावर त्याने नॉटिलस बांधली. म्हणजे दादाचा अंदाज नुसता चुकला नव्हता, तर नेमका उलटा होता. ज्या एका देशाचा नेमो आयुष्यभर द्वेष करतो, त्याच देशाचा म्हणून आम्ही त्याला घरी घेऊन आलो होतो.

हे वाचून झाले तेव्हा मी विदर्भ साहित्य संघाच्या आसपास, झाशी राणी चौकात बसची वाट पाहत होतो. हा योगायोग मी मुद्दाम सांगतो आहे, कारण बुंदेलखंड हे नाव नागपूरच्या माणसाला परके नाही. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला तेव्हा बुंदेलखंडाचे सागर आणि दमोह हे जिल्हे त्यात आले आणि त्यांचा कारभार नागपुरातून चालू लागला. तो १९५६ पर्यंत चालला. डिस्नेचा चित्रपट डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेत झळकला, त्या दिवशीही नागपूर ही ज्या राज्याची राजधानी होती त्यात नेमोच्या मुलखाचा एक तुकडा होता.

मराठी धागा त्याहून जुना आहे. छत्रसालाने बाजीरावाला आपल्या राज्याचा हिस्सा दिला तेव्हापासून तिथे मराठी घराणी नांदत होती. सत्तावन साली बुंदेलखंडात कोण उठले याची यादी काढली तर झाशीची लक्ष्मीबाई, काल्पीला तात्या टोपे, बाजीराव-मस्तानीच्या वंशातला बांद्याचा नवाब अली बहादूर आणि किरवीचे नारायणराव व माधवराव पेशवे ही नावे येतात. व्हर्नच्या काल्पनिक राजपुत्राला त्या मुलखात प्रत्यक्ष सोबती शोधायचे असते, तर ते बरेचसे मराठी बोलणारे निघाले असते. यावरून ‘नेमो मराठी होता’ असा शोध कुणी लावू नये. टिपूचा पुतण्या बुंदेलखंडात कुठून आला हेच व्हर्नला नीट सांगता आलेले नाही. म्हैसूर आणि झाशी यांच्यामधले अंतर पॅरिसहून पाहणाऱ्याला फारसे वाटले नसावे. त्याने इंग्रजांशी झुंजलेली दोन प्रसिद्ध नावे एकत्र बांधली, एवढेच.

मुळात नेमो भारतीय ठरला तोही एका तडजोडीतून. समुद्रावरची पहिली कादंबरी लिहिताना व्हर्नच्या डोक्यात पोलिश सरदार होता. १८६३ च्या पोलिश उठावात रशियाने ज्याचे सर्वस्व हिरावले असा. प्रकाशक एत्झेलला रशियातली विक्री बुडवायची नव्हती, त्याने नकार दिला. म्हणून १८७० च्या पुस्तकात नेमो बिनदेशाचा राहिला. लॅटिनमध्ये ‘नेमो’ म्हणजे ‘कुणीच नाही’. पाच वर्षांनी देश द्यायची वेळ आली तेव्हा व्हर्नने हिंदुस्थान निवडला. फ्रेंच प्रकाशकाला इंग्रजांच्या नाराजीची तेवढी भीती नव्हती, हे उघड आहे. पण कारण काहीही असो, एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय साहसकथेत जगातली सर्वांत पुढारलेली यंत्रसामग्री एका पराभूत, काळ्या मानल्या गेलेल्या देशातल्या माणसाने स्वतःच्या बुद्धीने उभी केली, ही गोष्ट लिहिली गेली. ती तशी एकटीच आहे.

आणि ती लिहिताक्षणीच पुसायला सुरुवात झाली. इंग्रजीत सर्वाधिक खपलेला अनुवाद किंग्स्टन यांच्या नावाने त्याच सुमारास निघाला. त्यात नेमोच्या आत्मकथेचा सूरच बदलून टाकला आहे. मूळ पुस्तकात जो स्वातंत्र्ययोद्धा आहे, तो तिथे हाती आलेली सत्ता समजून न घेणाऱ्या, भडकवलेल्या लोकांमधला एक होतो. हिंदुस्थानात इंग्रजीतून व्हर्न वाचणाऱ्या कित्येकांच्या वाट्याला हाच मजकूर आला असणार.

पडद्यावर हे पुसणे कसे पायरीपायरीने झाले ते पाहण्यासारखे आहे. १९१६ मध्ये युनिव्हर्सलने दोन्ही कादंबऱ्या एकत्र करून मूकपट काढला. त्यात नेमो हा भारतीय राजपुत्र आहे, शेवटी त्याची पूर्वकथाही येते. भूमिका ॲलन होलूबार या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केली, त्याच्या मुलीचे काम करणारी नटीही रंगवलेली. म्हणजे माणूस नव्हता, पण देश होता. १९२९ च्या एमजीएमच्या ‘मिस्टीरिअस आयलंड’मध्ये लायोनेल बॅरिमोरने जे पात्र केले त्याचे नाव काउंट डाकार, पण तो हेत्विया नावाच्या काल्पनिक युरोपीय राज्याचा उमराव. नाव उरले, देश गेला. १९५४ मध्ये नावही गेले. १९६१ च्या ‘मिस्टीरिअस आयलंड’मध्ये तर ज्या कादंबरीचा कळसच नेमोची ओळख हा आहे, तिच्यावरच्या चित्रपटात प्राग शहरात जन्मलेला हर्बर्ट लॉम पांढऱ्या केसांचा, सभ्य, देशहीन शास्त्रज्ञ म्हणून वावरतो.

डिस्नेच्या बाजूने बोलायचे तर बोलता येते. त्यांनी पहिली कादंबरी घेतली, आणि पहिल्या कादंबरीत नेमोचा देश सांगितलेलाच नाही. मग त्यांचा दोष काय? दोष असा, की त्यांनी ती जागा मोकळी सोडली नाही. दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशरच्या या चित्रपटात नेमोला नवी पूर्वकथा दिली आहे: रूरा पेंथे नावाचे कैद्यांचे बेट, तिथे भोगलेली गुलामी, यंत्राचे रहस्य काढून घेण्यासाठी छळ करून मारलेली बायको आणि मूल. हे करणारा देश कोणता? नाव नाही. पूर्वकथा रचायची हिंमत होती, नकाशावर बोट ठेवायची नव्हती.

याच चित्रपटात एक प्रसंग गाळला आहे, आणि माझ्या मते तो कादंबरीचा गाभा आहे. सिलोनच्या किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्यावर शार्क धावून येतो. नेमो सुरा घेऊन त्याच्यावर झेप घालतो, पाणबुड्याला वाचवतो आणि मोत्यांची थैली त्याच्या हातात ठेवतो. प्राध्यापक अरोनाक्स नंतर त्याला डिवचतो की माणसांशी नाते तोडल्याचे सांगणाऱ्याच्या काळजात अजून ओल आहे. तेव्हा नेमो उत्तर देतो की तो पाणबुडा दडपलेल्या देशाचा रहिवासी आहे, आणि आपणही शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचे आहोत. पहिल्या कादंबरीत नेमोच्या जन्मस्थानाबद्दलचा हा सर्वांत स्पष्ट इशारा. चित्रपटाने तो सोडला आणि न्यू गिनीच्या नरभक्षकांचा प्रसंग मात्र ठेवला. विजेचा धक्का बसून उड्या मारणारे काळे लोक पाहून आम्ही मुले थिएटरात खो खो हसलो होतो, हे कबूल केले पाहिजे. कादंबरीत त्याच प्रसंगी नेमो विचारतो की रानटी माणसे कुठे नाहीत, आणि ज्यांना तुम्ही रानटी म्हणता ते इतरांपेक्षा वाईट आहेत काय. तो प्रश्न पडद्यावर आला असता तर हसू थोडे अडखळले असते.

१९५४ हे वर्षही लक्षात घ्यावे. त्या जानेवारीत अमेरिकेने आपली पहिली अणुपाणबुडी समुद्रात उतरवली आणि तिला नाव दिले नॉटिलस. चित्रपटातल्या नेमोच्या गूढ शक्तीमागे अणुऊर्जेची सूचना सरळ दिसते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारत सरकारने अणुऊर्जा विभाग स्थापन केला, होमी भाभा त्याचे सचिव झाले. पुढच्या वर्षी जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावर जी जागतिक परिषद भरली तिचे अध्यक्षस्थान भाभांकडे होते. हॉलिवूडने हे पाहून काही ठरवले असे मी म्हणत नाही, त्यांनी पाहिलेही नसेल. पण केंब्रिजमध्ये शिकलेला, चित्रकला आणि संगीतात रमणारा, परत येऊन यंत्रे उभारणारा भारतीय शास्त्रज्ञ ही कल्पना त्या वर्षी कपोलकल्पित राहिली नव्हती. व्हर्नचा डाकार मुंबईत कामाला लागला होता. पडद्यावरचा नेमो मात्र इंग्रज होता.

१९६१ चा चित्रपट याहून गुंतागुंतीचा आहे. दिग्दर्शक साय एंडफील्ड हा अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी काळ्या यादीमुळे देश सोडून इंग्लंडात आलेला माणूस. रे हॅरीहाउसेनचा राक्षसी खेकडा आणि मधमाश्या, बर्नार्ड हेरमनचे संगीत, सगळे आजही पाहावेसे वाटते. कादंबरीतला नेब हा मुक्त झालेला गुलाम, पण मालकाचा जन्मभर सेवक. व्हर्नने त्याची आणि बेटावरच्या ओरांगउटानची जी जोडी जमवली आहे, ती आज वाचताना मान खाली जाते. चित्रपटात नेब उत्तरेच्या सैन्यातला शिपाई आहे, गणवेशात, इतरांच्या बरोबरीने. कादंबरीत एकही स्त्री नाही, चित्रपटात दोन आहेत. म्हणजे काळ्या माणसाला बढती मिळाली, स्त्रियांना प्रवेश मिळाला, आणि भारतीय बाहेर गेला. हे एकाच पटकथेत घडले. मला यात दुष्टपणा दिसत नाही, हिशेब दिसतो. अमेरिकेतला काळा प्रेक्षक तिकीट काढत होता आणि हक्कासाठी रस्त्यावर उतरत होता. बुंदेलखंडातला प्रेक्षक त्या खोलीत नव्हता.

मग त्या काळच्या विज्ञान-साहसपटात भारतीय अजिबात दिसत नाही का? दिसतो, आणि तोच माझा मुद्दा आहे. १९५२ मध्ये सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने अमेरिकी दिग्दर्शक विल्यम बर्क याला घेऊन ‘द जंगल’ काढला. हत्तींवर केसाळ कातडी चढवून त्यांचे मॅमथ बनवले, चित्रण आपल्याच भूमीवर झाले. पण भारतीय राजकन्या झाली मेरी विंडसर आणि तिचा सरदार सीझर रोमेरो. १९५६ च्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. तो विज्ञानपट नव्हे, पण कादंबरी व्हर्नचीच आहे आणि तिच्यातली औदा हीसुद्धा बुंदेलखंडचीच राणी: मुंबईची पारशी मुलगी, बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाशी मनाविरुद्ध लावलेली आणि सती जाताना वाचवलेली. तिचे काम केले शर्ली मॅक्लेनने. तिचा देश मात्र कुणी पुसला नाही. चिता, पुरोहित, सुटका या सगळ्यासाठी तो हवाच होता. एकाच लेखकाची बुंदेलखंडची दोन माणसे, त्यांतली जी वाचवली जाते तिचे भारतीयत्व चेहऱ्याला रंग लावून ठेवले आणि जो यंत्र बांधतो त्याचे काढून घेतले.

साबूचे उदाहरण याहून बोलके आहे. म्हैसूरच्या हत्तीखान्यात वाढलेला हा मुलगा ‘एलिफंट बॉय’मधून जगभर गेला, अमेरिकेचा नागरिक झाला आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानात तोफची म्हणून लढून त्याने शौर्यपदक मिळवले. खऱ्या आयुष्यात या भारतीयाने त्या काळातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या यंत्रांपैकी एकात बसून युद्ध केले होते. १९५६ च्या ‘जंगल हेल’ या चित्रपटात उडती तबकडी आहे, किरणोत्सारी दगड आहे, विज्ञान आहे. आणि साबू? तो तिशी ओलांडल्यावरही जंगलातला पोरगाच आहे, हत्तींसोबत. कुणी त्याला नॉटिलसचे सुकाणू दिले असते तर तो कसा दिसला असता, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

व्हर्नलाही या हिशेबातून सोडता येत नाही. १८८० मध्ये त्याने ‘वाफेचे घर’ लिहिली. त्या कादंबरीचा खलनायक आहे नानासाहेब पेशवा. गोष्ट औरंगाबादेत सुरू होते. त्याला पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर झालेले असते. पुढे तो सातपुड्यात, नर्मदेच्या आसपास गोंडांच्या आश्रयाला राहतो, आणि अखेरीस वाफेवर चालणाऱ्या लोखंडी हत्तीला बांधला जाऊन बॉयलरच्या स्फोटात नाहीसा होतो. तो हत्ती इंग्रज इंजिनिअरने बांधलेला. तोच उठाव, तोच लेखक, मध्ये पाच वर्षे. डाकारच्या हाती विज्ञान दिले तेव्हा त्याचा सूड भव्य झाला, नानासाहेबाच्या हाती काहीच दिले नाही तेव्हा तो क्रूर ठरला.

नागपूरच्या वाचकाने त्या कादंबरीतल्या गोंडांकडे जरा थांबून पाहावे. हे शहर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता. व्हर्नच्या पुस्तकात गोंड म्हणजे नानासाहेबाची सावली, चेहरा नसलेले साथीदार. आणि आपण मराठी लोक नेमोचे भारतीयत्व हिरावल्याची तक्रार करतो तेव्हा आपल्याला राजपुत्रच आठवतो. लंडन-पॅरिसात शिकलेला, संपत्तीने गडगंज. त्याच्या पाणबुडीचे वल्हवणारे हात कोण होते, ते कोणती भाषा बोलत होते? ती जहाजावरची खास भाषा होती, एवढेच व्हर्न सांगतो. माझी तक्रार मी मागे घेत नाही. पण ती कुणाच्या वतीने आहे, हे तपासायला हवे.

आपल्या पडद्याने तरी काय केले? १९५७ च्या ‘मिस्टर एक्स’मध्ये अशोककुमार अदृश्य होतो, १९६७ च्या ‘चांद पर चढाई’त दारासिंग चंद्रावर जातो. भारतीय माणूस अवकाशात पोहोचला याचा आनंद आहेच, पण तो तिथे मनगटाच्या जोरावर टिकतो. प्रयोगशाळा ही आपल्या त्या काळच्या पटांत बहुधा गोष्ट सुरू करून देण्यापुरती होती, नायकाची जागा नव्हती. त्याच सुमारास सत्यजित राय यांनी ‘द एलियन’ची पटकथा लिहिली. बंगालच्या खेड्यातल्या तळ्यात यान उतरते आणि परग्रहावरचा जीव एका गरीब मुलाशी मैत्री करतो. कोलंबिया कंपनीने रस दाखवला. याच कंपनीने १९६१ चा ‘मिस्टीरिअस आयलंड’ वितरित केला होता. आणि मारवाडी व्यापाऱ्याच्या भूमिकेसाठी नाव पुढे आले ते पीटर सेलर्सचे. चित्रपट झाला नाही.

नेमो पडद्यावर भारतीय म्हणून ठसठशीत परतला तो २००३ मध्ये, ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’मध्ये, नसिरुद्दीन शाह यांच्या रूपाने. पाहताना मला आधी भरून आले, मग खटकू लागले. पगडी आहे, तलवार आहे, हाणामारी आहे, आणि कालीची पूजा आहे. व्हर्नच्या नेमोचे ग्रंथालय बारा हजार पुस्तकांचे होते, तो चार-पाच भाषा बोलत असे आणि ऑर्गन वाजवत असे. १९५४ च्या मेसनकडे ऑर्गन होता पण देश नव्हता, २००३ च्या नेमोकडे देश आला तर ऑर्गन गेला. गोऱ्या शास्त्रज्ञाला सभ्यपणा आणि सावळ्या शास्त्रज्ञाला काली, असा वाटा झाला.

‘मिस्टीरिअस आयलंड’च्या हस्तलिखितात मरताना नेमोच्या तोंडी व्हर्नने एकच शब्द घातला होता, त्याचा अर्थ स्वातंत्र्य. एत्झेलने तो बदलायला लावला. छापील पुस्तकात नेमो देवाचे आणि देशाचे नाव घेऊन डोळे मिटतो. कोणत्या देशाचे, हे त्याआधीच्या पानांत लिहिलेले आहे. दादाला ती पाने मी बऱ्याच वर्षांनी वाचून दाखवली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मग तो इतकं चांगलं इंग्रजी का बोलत होता?”